पोटाखालचा पट्टा

प्रिय डोंगळ्या,

हे नाव वाचून दचकला असशील. आता तुला लहानथोर सगळे सर म्हणतात, टीव्हीवाले ‘देशातल्या हिसका खेळाचे जनक’ म्हणतात, आणि तू मान खाली घालून ते असं ऐकून घेतोस की बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याला कौतुक सोसवत नाही. मला ते सर-बिर जमायचं नाही. डोंगळा एकदा चावला की मुंडकं तुटलं तरी सोडत नाही, आणि चेंडूच्या मुठीवर तुझी बोटं बसली की तुझंही तेच व्हायचं, म्हणून नालबंदाने तुझं हे नाव ठेवलं. मला चिमटी म्हणणारा पहिला माणूसही तोच. पळत्या घोडीवरून वाकून जमिनीवरचा चेंडू मी दोन बोटांत उचलायचे. ती बोटं आता काठीच्या मुठीवर बसून बसून वाकडी झाली आहेत. इतक्या वर्षांनी हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुझ्या मनात येईल. सांगते, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे आधी थोडं भांडून.

परवाचा अंतिम सामना आम्ही तिघांनी घरी बसून पाहिला. मी खुर्चीत, नवरा पलंगावर आणि लेक टीव्हीच्या इतकी जवळ की तिच्या डोक्यामुळे अर्धं मैदान दिसत नव्हतं. दुसऱ्या डावात ते दोन घोडे खांद्याला खांदा भिडले तेव्हाचा आवाज आमच्या भांड्यांच्या फळीपर्यंत आला. त्या पाहुण्या संघातल्या पोराचा हात खांद्यातून निखळून लोंबत होता, तोंडातलं रक्त घोड्याच्या आयाळीवर ओघळत होतं, तरी दुसऱ्या हातातली चेंडूची मूठ त्याने सोडली नाही. शेवटी तुझ्या मुलाने त्याच्या मनगटावर कोपर हाणलं तेव्हा बोटं उघडली. पंचाची शिट्टी नाही. हजारो माणसं उभी राहून ओरडत होती. नवरा म्हणाला, खांदा बसेल, मनगटाचं काही खरं नाही, महिनाभर प्लास्टर. डॉक्टर मैदानात पोचायच्या आधी त्याने निदान करून टाकलं. दवाखान्यात प्लास्टर घालण्यात त्याचा जन्म गेला आहे आणि गेली काही वर्षं त्याची निम्मी गिऱ्हाइकं तूच पाठवतोस. त्याची माझी ओळखही तशीच झाली, पण ते पुढे येईल.

खेळ वाढला, डोंगळ्या. नाही कसं म्हणू? शाळाशाळांतून संघ आहेत, बंदिस्त मैदानं आहेत, खाली वाळू आणि वर दिवे. आमच्या गल्लीतली पोरं सायकली भिडवून जुन्या चेंडूला दोऱ्या बांधून हिसका खेळतात आणि गुडघे फोडून घेतात. आणि आपल्याकडे सुरुवातीला काय होतं? बंद पडलेल्या वीटभट्टीमागची पडीक जागा, पडलं की हमखास पाठीत घुसणारे विटांचे तुकडे, आणि शर्यतीतून काढून टाकलेले काही घोडे. एकाला दमा होता आणि एकाने डावीकडे वळणार नाही असा पण केला होता. माणसं चार. परदेशात शिकून पदवीबरोबर या खेळाची एक चित्रफीत घेऊन आलेला वकील. खेळात काडीचा रस नसलेला, पण आपण घोड्यांचे पाय मोडू नयेत म्हणून येणारा नालबंद. शर्यतीच्या तबेल्यात घोडे फिरवून आणायच्या कामावर असलेला तू. आणि घरी न सांगता येणारी मी, पशुवैद्याची मुलगी. अशी सगळी खोगीरभरती.

चेंडूसुद्धा आपणच शिवला होता. फुटबॉलभोवती जुन्या खोगिराच्या चामड्याच्या मुठी. वकिलाने कागदोपत्री खेळाचं नाव ठेवलं अश्वकंदुक. ते म्हणताना नालबंदाची कवळी सुटायची. मग चेंडू हिसकायचा तो हिसका, एवढं साधं नाव आपण ठेवलं आणि तेच टिकलं. दुसऱ्याच्या घोड्याला घोडा भिडवून चेंडू हिसकायचा, खाली पडला तर पळत्या घोड्यावरून वाकून उचलायचा, आणि खांबावरच्या कड्यातून आरपार फेकायचा. उतरायचं नाही, थांबायचं नाही. नियम एवढेच होते, बाकी सगळी मारामारी.

आणि मारामारीत आपण दोघं काय कमी होतो? पहिल्याच आठवड्यात माझ्या कोपराने तुझे पुढचे दात पाडले. तू रक्त थुंकलास, दात खिशात टाकलेस आणि पुढच्या फेरीला मला असा खांदा हाणलास की माझं हासळीचं हाड मोडलं. घरी मी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. आमच्या घरात जिनाच नाही हे आईच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. लोक प्रेमात एकमेकांना फुलं देतात, आपण हाडं मोडली. मला मारण्यात मजा यायची हे मी लपवत नाही. घरी मोठ्याने हसायचीही चोरी होती. मैदानात मात्र माझी घोडी काजळी चौखूर सुटली की मी दुसऱ्याच्या बरगडीत गुडघा घालायचे आणि त्याच्या तोंडातून निघालेली हवा कानाशी ऐकायचे. त्या आवाजासाठी मी दिवसभर वाट बघायचे. काजळीलाही तेच आवडायचं. इतर घोडे धडक बसायच्या आधी अंग चोरायचे, ती कान मागे टाकून आत घुसायची. तशी घोडी पुन्हा पाहिली नाही. संध्याकाळी भट्टीच्या भिंतीला टेकून आपण दोघं एकमेकांच्या जखमा धुवायचो, आणि आयोडीन लावताना तू माझ्यापेक्षा जास्त कण्हायचास.

आता पट्ट्याबद्दल लिहिते. तुला काय सांगायचं, पण लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. आपल्या खेळात माणसाचा जीव एका पट्ट्यावर असतो. दोन्ही बाजूंच्या रिकिबी घोड्याच्या पोटाखालून त्या पट्ट्याने एकमेकींना बांधलेल्या. पट्टा घट्ट असेल तर एका अंगाला जमिनीपर्यंत लोंबकळलं तरी पलीकडची रिकीब आपलं वजन धरून ठेवते. सैल असेल तर सगळा भार एकाच बाजूला येतो, खोगीर फिरतं, आणि माणूस खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली, चार टापांच्या मधोमध. माणूस वर बसला की चामडं खाली सरकतं, म्हणून पट्टा बसल्यावरच आवळावा लागतो, आणि बसलेल्याला आपल्याच घोड्याचं पोट दिसत नाही. तेव्हा आवळायचा तो जोडीदाराने. मी तुझा आवळायचे, तू माझा. आणि आवळून झाला की वरच्याने खाली वाकून बघायचं नाही. एकदा वकिलाने बघितलं. पट्टा आवळणारा नालबंद खालीच उभा होता. त्याने वकिलाचा पाय धरून त्याला खाली ओढला, दोन कानफटात दिल्या आणि म्हणाला, विश्वास नसेल तर एकटा खेळ, तिकडे भिंतीशी. एवढा कायदा शिकलेला माणूस, पण गाल चोळत परत घोड्यावर बसला. त्या दिवसापासून आपल्यात कोणी खाली बघितलं नाही.

माझी लेक तेच शिकली आहे. ती चालायला लागली तेव्हापासून नालबंदाच्या भट्टीवर जायची. मी पाठवत नव्हते, पण अडवायला पळणार कशी? त्यानेच तिला घोड्यावर बसवलं. गेल्या हिवाळ्यात तो गेला, तुला कळलं असेल. तुझं पुष्पचक्र आलं होतं, बरंच मोठं. तुझ्या घोड्यांना त्याने नाल ठोकणं कधी बंद केलं आणि का, हे तू त्याला एकदाही विचारलं नाहीस, असं तो मला म्हणाला होता. विचारायला हवं होतंस.

तो परदेशी प्रशिक्षक आला तेव्हाची गोष्ट. वकिलाने कितीतरी पत्रं लिहून त्याला आणला. आपल्यातल्या एकाला तो वर्षभर आपल्याबरोबर नेणार, शिकवणार, आणि त्याने परत येऊन इथे खेळ उभा करायचा. त्याने आपला सराव पाहिला, आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की मला ही हवी. सगळ्यांत आधी टाळी तू वाजवलीस. माझ्या पाठीवर थाप मारलीस, ती जरा जोरात होती, पण आपल्यात हळू असं काही नव्हतंच. मी हसत होते. तुझ्याकडे नीट बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या घोडेस्वारांशी प्रदर्शनी सामना होता आणि त्यानंतर प्रशिक्षक कागदांवर सही करणार होता. घोडामैदान जवळच होतं.

सकाळी मी काजळीवर बसले आणि तू खाली वाकलास. बक्कल वाजल्याचं मी ऐकलं. तू तिच्या पोटावर थाप मारलीस, म्हणजे झालं. मी खाली बघितलं नाही.

पहिला चेंडू जमिनीवर पडला तो माझ्या डाव्या अंगाला. मागून पोलिसाचा घोडा येत होता, म्हणून काजळीला मी पूर्ण वेगात सोडली आणि वाकले. मुठीला बोटं लागली, चेंडू उचललाही, आणि पायाखालची रिकीब नुसती खाली गेली, विहिरीत बादली सुटावी तशी. खोगीर फिरलं. डोकं जमिनीवर आपटलं, पाय रिकिबीत अडकलेला, आणि काजळी घाबरून मला ओढत पळत होती. तिचीच मागची टाप माझ्या खुब्यावर बसली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं, वाळकं लाकूड मोडतं तसं, आणि मला आधी वाटलं की कुंपण मोडलं. मग पोटाखाली आलेल्या खोगिरात तिचे पुढचे पाय अडकले आणि ती तोंडावर कोसळली. मागून येणारा पोलिसाचा घोडा आम्हा दोघींवर पडला. तो उठून निघून गेला. काजळीला उठता येईना. तिच्या पुढच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, आणि ती त्याच पायावर उभी राहायला बघायची, पुन्हा पडायची, पुन्हा उठायची. घोडी किंचाळते हे लोकांना ठाऊक नसतं. मी तिच्या मानेखाली होते, माझ्या तोंडात विटांचा चुरा आणि रक्त.

कोणीतरी पशुवैद्याला बोलावलं. म्हणजे माझ्या वडिलांना. ते घोडीसाठी आले होते, तिथे त्यांना मुलगी सापडली. मी खेळते हे त्यांना तिथे कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांची पापणी वर करून तपासली, मग पेटी उघडली आणि आधी काजळीला इंजेक्शन दिलं. तिचं डोकं जड होऊन माझ्या छातीवर आलं तेव्हा ते माझ्याकडे वळले. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्यांना विचारलं, आधी तिला का? म्हणाले, तिला जास्त दुखत होतं. त्यांचा मला कधी राग आला नाही.

दवाखान्यात तू आलास तो हातात तुटलेला पट्टा घेऊनच. नर्सला, वकिलाला, प्रशिक्षकाला, दिसेल त्याला दाखवत होतास. चामडं कुजलं होतं, तुटलं, मला कळायला हवं होतं, असं म्हणत होतास. तू रडत होतास. आणि मी, अर्धं अंग प्लास्टरमध्ये, तुझी समजूत काढत होते, की डोंगळ्या, तुझा काय दोष, जुनं चामडं. त्या रडण्यातलं थोडं तरी खरं असावं असं मला अजून वाटतं. माझी जागा रिकामी झाली होती, प्रशिक्षकाला मोकळ्या हाताने परत जायचं नव्हतं, आणि तुझं जाणं ठरलं. मीच वकिलाला म्हणाले की त्याला पाठवा.

मग एका दुपारी नालबंद आला, खांद्यावर पोतं. मेलेल्या काजळीच्या अंगावरून खोगीर त्यानेच सोडवलं होतं. आठवण म्हणून ठेव, म्हणाला, आणि खाटेखाली पोतं सारून दाराकडे तोंड करून उभा राहिला. मला खाली वाकता येत नव्हतं. प्लास्टरची कड तासायला आलेल्या त्या गप्प माणसाने, म्हणजे आता जो माझा नवरा आहे त्याने, पोतं उघडून एकेक वस्तू माझ्या हातात दिली. खोगीर, रिकिबी, आणि त्यांना अडकलेला माझा पट्टा. अख्खा. एक टाका उसवलेला नाही. माझं भोक तर ठरलेलं होतं, वापरून वापरून लांबट झालेलं. बक्कलाची जीभ त्या भोकात नव्हती. ती अगदी टोकाच्या भोकात होती, जे आपण खोगीर खुंटीला टांगताना वापरायचो. मी नालबंदाकडे बघितलं. त्याने मान हलवली, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही, आणि निघून गेला.

घाईत तू आवळायचं विसरलास, असं मी स्वतःला समजावून बघितलं. माणूस आहे, विसरतो. पण मग तो तुटलेला पट्टा आला कुठून? विसरलेला माणूस दुसऱ्या कुठल्यातरी खोगिराचा पट्टा तोडून दवाखान्यात मिरवत नाही. तिथे माझं समजावणं संपलं. जायच्या आधी तू निरोप घ्यायला आलास, फुलं घेऊन, तेव्हा मी उशाशी असलेला स्टीलचा जग उचलून तुझ्या तोंडावर मारला. नेम डोळ्याचा होता, भुवई फुटली. नर्सने माझे हात धरले आणि सगळे म्हणाले की घोडीचं दुःख आहे, वेदना आहेत, मनावर घेऊ नका. तूही तेच समजलास की समजल्यासारखं केलंस, ते तुझं तुला माहीत. त्या भुवईवरच्या खुणेबद्दल परवा मुलाखतीत विचारलं तेव्हा म्हणालास, ही परदेशातल्या पहिल्या सामन्याची आठवण. मी चहा नाकातून सांडला.

मला मारायचा तुझा विचार नव्हता, एवढं मी तुला ओळखते. मी पडावं, प्रशिक्षकासमोर फजिती व्हावी, त्याने बोट दुसरीकडे वळवावं, एवढंच हवं होतं तुला. एका मिनिटाचा मत्सर होता. पण त्या मिनिटात काजळी गेली, माझा पाय गेला, आणि आपलं जे काही होतं ते गेलं. मग बोलले का नाही? त्याला दोन कारणं आहेत. एक लोकांना सांगण्यासारखं, की तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर हा खेळ तिथेच गाडला गेला असता. अपघात झाल्यापासून जागा परत घ्यायला नगरपालिका टपून बसली होती. दुसरं खरं कारण असं की मला तुझ्यावर तक्रार नको होती, मला तू हवा होतास, घोड्यावर, समोर. मी बरी होईन, तुला पूर्ण वेगात धडक देईन, आणि तू खाली पडल्यावर घोडी तुझ्यावरून नेईन, या एका विचारावर मी पुन्हा उभी राहायला शिकले. कित्येक महिने दुसरा विचारच नव्हता. खुबा मात्र बसायचा तसाच वाकडा बसला आणि घोड्यावर टांग टाकणं काही जमलं नाही.

तोवर तू परत आलास आणि कामाला लागलास. खोटं का बोलू, कामाला लागलास तो लागलासच. शाळांच्या दारात उभा राहिलास, शर्यतवाल्यांकडून घोडे मागून आणलेस, पोरांना पडायचं कसं ते आधी शिकवलंस आणि मग बसायचं कसं. माझ्या हातून हे झालं नसतं. मला शिकवता येत नाही, मला फक्त मारता येतं. म्हणून इतकी वर्षं मी तुझं कौतुक ऐकत भांडी घासली आणि गप्प राहिले. फक्त एक गोष्ट मला सोसत नाही. सामन्याआधी दिवे मंद करून तू जे सुरू केलंस ते. सगळे खेळाडू एकमेकांचे पट्टे आवळतात, प्रेक्षक उभे राहतात, आणि ध्वनिक्षेपकावर तुझा आवाज येतो, ज्याच्या हाती पट्टा त्याच्या हाती प्राण. शाळकरी पोरं ते पाठ म्हणतात. माझ्या लेकीने आमच्या कपाटाच्या दारावर ते लिहून चिकटवलं आहे. मी रोज त्यातूनच साडी काढते.

आता मुद्दा. लेकीची देशाच्या संघात निवड झाली, हे तुला माहीतच आहे, यादी तूच केलीस. आडनाव तिच्या वडिलांचं, त्यामुळे ती कोणाची मुलगी हे तुला या क्षणापर्यंत माहीत नसेल. ती चेंडू उचलणाऱ्याच्या जागेवर खेळते. तुझा मुलगाही. जागा एकच आहे. आणि मी दोघांनाही पाहिलं आहे. तुझा मुलगा चांगला आहे, मारायला कचरत नाही, पण ती दोन बोटांत उचलते. चार दिवस तिला नीट पाहिलंस की तुझ्या लक्षात येईल, आणि मग एका सकाळी तुला पुन्हा टाळी वाजवावी लागेल. म्हणून मी घाबरले आहे. आयुष्यात कुठल्या धडकेला घाबरले नाही, पण या गोष्टीची धास्ती घेतली आहे. तिला सांगावं, असं कितीदा मनात आलं. पण सांगितलं तर ती खाली वाकून बघायला लागेल, आणि या खेळात जो खाली बघतो त्याचं लक्ष समोर नसतं. तो मरतोच, थोडा उशिरा.

तेव्हा हे पत्र तुला लिहिते आहे. तुझ्या संघात नवा खेळाडू पहिल्या दिवशी आपला पट्टा घरून आणतो आणि तू सगळ्यांसमोर तो स्वतः आवळतोस, अशी तूच पाडलेली रीत आहे. सोमवारी माझी लेक तुझ्या हातात पट्टा देईल. आईचा आहे, एवढंच तिला ठाऊक आहे. इतकी वर्षं तो माझ्या ट्रंकेला बांधलेला होता आणि दर वर्षी मी त्याला तेल दिलं आहे, मऊ आहे, कुठे चीर नाही. नीट बघून घे, तो कधीच तुटला नव्हता. लांबट झालेलं भोक माझं, तिच्यासाठीही तेच बरोबर बसतं, मी मापून पाहिलं आहे. बाकी तिच्यावर दया करू नकोस. तुझ्या मुलाला म्हणावं खुशाल मार, तिच्या बरगड्या मोडल्या तर तिचा बाप बसवेल, आणि तीही त्याचे दात ठेवायची नाही. जागा तिला द्यायची नसेल तर तोंडावर सांग, ती रडेल, शिव्या देईल आणि घरी येईल. पण पट्टा आवळ. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत काठी घेऊन बसलेली असेन. ती खाली बघणार नाही, तसं नालबंदाने तिला शिकवलंय. मी बघणार आहे.

तुझीच,
जिचा पट्टा तू आवळायचास ती चिमटी